१९७१ : कराचीच्या आधी पेटलेल्या नद्या (पलाशीचे नौदल कमांडो, गुप्तवार्ता विभाग आणि दोन टग)

गलबत

डिसेंबर आला की नौदल दिनाच्या निमित्ताने कराचीची आठवण निघते. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, क्षेपणास्त्र नौका, पेटलेलं बंदर. ती आठवण निघायलाच हवी. पण त्या युद्धातला आपल्या नौदलाचा पहिला मोठा घाव कराचीवर बसलेला नाही. तो बसला साडेतीन महिने आधी, ऑगस्टमध्ये, पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या नद्यांमध्ये. आणि तो घालणारी पोरं गणवेशातली नव्हती. लुंगी, पायात रबरी फिन्स, पोटाला गमछाने बांधलेला सुरुंग आणि कमरेला सुरी, एवढाच त्यांचा सरंजाम. त्यांच्यामागे दिल्लीतलं नौदलाचं गुप्तवार्ता संचालनालय होतं आणि त्या कामाच्या मध्यभागी एक मराठी अधिकारी होता, कमांडर मोहन नारायण राव सामंत. महावीर चक्राचे मानकरी. आपल्याकडच्या किती जणांना हे नाव माहीत आहे? म्हणून हा धागा.

सुरुवात होते फ्रान्समध्ये. तुलों बंदरात पाकिस्तानची नवी कोरी पाणबुडी 'मांग्रो' उभी होती आणि तिच्यावर प्रशिक्षण घेणाऱ्या खलाशांत १३ बंगाली होते. २५ मार्चला ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केल्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. पाणबुडी लवकरच कराचीकडे निघणार होती. त्यातल्या काहींनी गुपचूप ठरवलं की आता परत जायचं नाही. आपले पासपोर्ट ताब्यात घेऊन, खरेदीला जातो असं दाखवत, ते एकेक-दोघे करून बाहेर पडले. आधी स्वित्झर्लंडची वाट धरली, पण व्हिसा नसल्याने सीमेवरूनच परत फिरावं लागलं. मग स्पेन. माद्रिदच्या भारतीय दूतावासाने त्यांना आसरा दिला आणि रोममार्गे आठ जण एप्रिलमध्ये दिल्लीला पोहोचले. घरची माणसं मागे पूर्व बंगालमध्ये, लष्कराच्या तावडीत. पळून जाणाऱ्याच्या कुटुंबाचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, तरीही ते निघाले.

नौदल गुप्तवार्ता विभागाचे तेव्हाचे संचालक कॅप्टन मिहिर रॉय स्वतः बंगाली. पाण्याचा आणि पाणबुडीचा अनुभव असलेली आठ माणसं आयती समोर आलेली. त्यांच्याभोवती एक अख्खं दल उभं करायचं, ही कल्पना त्यांनी नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांच्यापुढे मांडली. नंदांनी होकार दिला. सगळं तोंडी आणि मोजक्या माणसांत. कामाला हात घातला सामंतांनी. ते मूळचे पाणबुडीवाले. 'करंज' ही आपली पाणबुडी सप्टेंबर १९६९ मध्ये रीगा इथे नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते.

मे महिन्यात पलाशीला छावणी पडली. हो, तीच पलाशी, म्हणजे आपली प्लासी, १७५७ च्या लढाईची. भागीरथीच्या काठी तंबू ठोकले आणि निर्वासितांच्या छावण्यांतून, मुक्तिवाहिनीच्या (स्वतंत्र बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली फौजेच्या) तळांवरून पोरं निवडून आणली. बहुतेक कॉलेजातली नाहीतर शेतकऱ्यांची. निवडीची पहिली कसोटी एकच, पोहता किती येतं. नदीकाठी जन्मलेल्या पोरांना ते शिकवायची गरजच नव्हती. शिकवायचं होतं ते आवाज न करता पोहणं. उताणं, फक्त नाक पाण्याबाहेर, पोटावर विटा बांधून, तासन् तास, आणि तेही अंधारात. छावणीची जबाबदारी लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस यांच्याकडे होती. नौदलाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर पथकातले चिमन सिंग यांच्यासारखे खलाशी पोरांबरोबर स्वतः नदीत उतरायचे. एकूण चारशेहून अधिक जण इथे तयार झाले.

ठरलं असं की एकाच रात्री चार ठिकाणी उडवायचं. चितगाव आणि मोंगला ही दोन समुद्री बंदरं, चांदपूर आणि नारायणगंज ही नदीवरची. दीडशेहून अधिक कमांडो ऑगस्टच्या सुरुवातीला सीमेपलीकडे गेले. सोबत एकही भारतीय नाही. तुकडीच्या म्होरक्याकडे एक छोटा ट्रान्झिस्टर. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेलं एक गाणं वाजलं की तयारीला लागायचं, आणि नंतर दुसरं ठरलेलं गाणं वाजलं की हल्ला करायचा. त्या दोन गाण्यांचा अर्थ तुकडीत फक्त म्होरक्याला माहीत. लाखो लोक ती गाणी ऐकत असणार आणि चार ठिकाणी चार माणसांच्या छातीत धडधड वाढत असणार, हे मला आजही विलक्षण वाटतं.

चितगावच्या तुकडीचे म्होरके होते 'मांग्रो'वरून आलेल्या आठांपैकी अब्दुल वाहिद चौधरी. शहराबाहेरून फिरत फिरत ती पोरं कर्णफुली नदीच्या दक्षिण काठावर, बंदरासमोरच्या चरलक्ष्याला जमली. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास तीसेक जण पाण्यात उतरले. समोर दिव्यांनी उजळलेला धक्का, जहाजांवर पहारा. जहाजाच्या पोटाला हात लागला की आधी सुरीने शेवाळ आणि कालवं खरवडायची, कारण त्याशिवाय सुरुंगाचं लोहचुंबक धरत नाही. मग सुरुंग लावायचा, पिन काढायची आणि प्रवाहाबरोबर निघून जायचं. दीड-दोनच्या सुमारास स्फोट सुरू झाले. 'अल अब्बास' आणि 'होर्मुझ' ही शस्त्रसामग्री आणणारी जहाजं आणि एक मोठा बार्ज गारद झाला. त्याच रात्री मोंगला, चांदपूर, नारायणगंज. या मोहिमेला नाव दिलं होतं 'जॅकपॉट'.

त्या दोन टगचं (बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटी, ज्यांच्या पुढे गनबोटी झाल्या) प्रकरण पुढच्या प्रतिसादात लिहितो. ते मोठं आहे.

---

शुक्रतारा

वाचनखूण साठवली. पाणबुडी सोडून पळालेल्या खलाशांबद्दल पहिल्यांदाच वाचलं. एक प्रश्न : सुरुंग लावल्यावर पोरांना लांब जायला वेळ किती मिळायचा? आणि पाण्यात भिजून तो आधीच फुटायची भीती नव्हती का?

---

गलबत

@शुक्रतारा, होती, आणि तिथेच या मोहिमेचा सगळ्यात साधा आणि सगळ्यात हुशार तोडगा निघाला. लिंपेट सुरुंगाच्या फ्यूजमध्ये पाण्यात विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की स्फोट होतो. तिला अर्धा तास लागायचा. पण नदी ओलांडून जहाजापर्यंत पोहोचायलाच त्याहून जास्त वेळ लागणार होता. मग फ्यूजवर निरोध चढवायचे ठरले. लक्ष्याजवळ पोहोचेपर्यंत गोळी कोरडी, आणि सुरुंग चिकटवला की निरोध ओढून काढायचा. तिथून पुढचा अर्धा तास आपला. सामंतांनी निरोध मागवले तेव्हा वरच्या लोकांच्या भुवया उंचावल्या होत्या म्हणतात. पण सामान वेळेवर आलं.

कोणत्याही मोहिमेत हा पुरवठ्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. फिन्सचे जोड, सुऱ्या, सुरुंग, पोरांना ताकद यावी म्हणून रोजचं दूध-अंडी, बंदराचे नकाशे. यातलं काही एक कमी पडलं असतं तर ती रात्र घडली नसती. पण पदकांच्या यादीत या कामाचा उल्लेख कुठे सापडत नाही.

---

जयगडची खाडी

गलबत, उत्तम लेखन. आमची अख्खी पिढीजात हयात खाडीत गेली, म्हणून एक गोष्ट पाण्याच्या बाजूने मांडतो.

खाडीत पोहून कुठे जायचं तर आधी तिथी विचारतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी असं ओढतं की भल्याभल्यांच्या होड्या फरफटत जातात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. भांगाला भरती-ओहोटी दोन्ही मंद, पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये पौर्णिमा ६ तारखेला होती, त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहणही होतं. म्हणजे १५ ऑगस्टची रात्र वद्य दशमीच्या आसपासची, नेमकी भांगाची. वर चंद्र उगवतो मध्यरात्रीनंतर, तोही अर्ध्याहून कमी. पाणी मंद, रात्रीचा पहिला भाग काळोखाचा. पोटाला पाच-सहा किलोचा सुरुंग बांधून नदी ओलांडायची तर महिन्यात याच्याहून चांगल्या रात्री फार नाहीत.

१४-१५ ऑगस्ट म्हटलं की सगळे स्वातंत्र्यदिनाकडे बोट दाखवतात, आणि तोही विचार असणारच. पण ज्याने हे आखलं त्याने भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवूनच आखलं असणार. कर्णफुली काय, मोंगल्याची पशुर काय, समुद्राची ओढ असलेल्या नद्या आहेत. तिथे माणूस घड्याळापेक्षा पाण्याचं ऐकतो. पाणी उतरायला लागण्याच्या जरा आधी उतरायचं, थबकलेल्या पाण्यात जहाज गाठायचं, काम उरकायचं आणि ओहोटीवर अंग सोडून द्यायचं. आमच्याकडे जाळं लावणाराही असंच करतो.

---

गलबत

जयगडची खाडी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाला जोडून ठेवावा असा आहे. भरतीची कोष्टकं आणि चंद्रोदयाच्या वेळा आखणीत पाहिल्या होत्या हे नक्की, पण भांगाचा हिशोब इतका नेमका बसतो हे मी कधी मांडून पाहिलं नव्हतं. गुप्तवार्ता म्हटलं की आपल्याला हेर आणि सांकेतिक लिपी आठवते. नौदलाच्या गुप्तवार्तेचा मोठा भाग म्हणजे हेच : पाणी किती खोल, गाळ कुठे साचलाय, धक्क्याला कोणतं जहाज किती दिवस उभं राहणार, पहारा कधी बदलतो. पूर्व बंगालमधून आलेले खलाशी, बंदरात काम केलेली माणसं, यांच्याकडून हे सगळं कणाकणाने गोळा झालं.

---

ओळखपाळख

लेख आवडला, पण थोडा वेगळा सूर लावतो. पूर्वेकडच्या समुद्राची खरी कोंडी 'विक्रांत'ने केली. डिसेंबरमध्ये तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार झोडपलं आणि पाकिस्तानी सैन्याची समुद्रातून सुटायची वाट बंद झाली. ऑगस्टमधल्या काही जहाजांच्या नुकसानीने युद्धाचा निकाल बदलला असं म्हणणं जरा जास्त होत नाही का? शिवाय बुडालेल्या जहाजांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात.

---

गलबत

@ओळखपाळख, आकड्यांबद्दल सहमत. म्हणूनच मी एकूण टनांचा आकडा दिलेला नाही. 'विक्रांत'बद्दलही वाद नाही. पण ऑगस्टच्या घावाचं वजन बुडालेल्या पत्र्यावर करू नका, नकाशावर करा.

पूर्व बंगालमध्ये रस्ते आणि रेल्वे नद्यांनी तुकडे तुकडे केलेले. पद्मेवर रेल्वेचा एकच पूल, हार्डिंज. जमुनेवर (तिकडे ब्रह्मपुत्रेला जमुना म्हणतात) तर पूलच नव्हता. तो व्हायला १९९८ उजाडलं. तोपर्यंत रेल्वेचे डबेसुद्धा तराफ्यांवरून पलीकडे जायचे. म्हणजे पाकिस्तानी लष्कराचं धान्य, दारूगोळा, डिझेल, जखमी, सगळं नदीवर अवलंबून. पश्चिम पाकिस्तानातून येणारा माल चितगाव नाहीतर मोंगल्याला उतरणार आणि तिथून बार्ज, स्टीमर, लाँचने चांदपूर-नारायणगंजमार्गे आत जाणार. चार ठिकाणं उगाच निवडलेली नव्हती. दोन दरवाजे आणि दोन सांधे होते ते.

त्या रात्रीनंतर परदेशी जहाजमालक तिथे यायला बिचकू लागले. बंदरांवर, घाटांवर, लाँचवर पहारे वाढवावे लागले आणि तेवढे सैनिक सीमेवरून कमी झाले. आणि हे एका रात्रीत संपलं नाही. पलाशीहून तुकड्या जात राहिल्या, नोव्हेंबरपर्यंत नद्यांमध्ये काही ना काही फुटत राहिलं. 'मांग्रो'च्या आठांपैकी अब्दुर रकीब मियाँ यांचा मृत्यू झाला तो जमुनेवरच्या फुलछडी घाटावर, अशाच एका मोहिमेत. जिथून रेल्वेची वाहतूक नदीपार व्हायची, तोच हा घाट.

डिसेंबरमध्ये आपलं सैन्य नद्या ओलांडत ढाक्याकडे सरकलं तेव्हा समोरचं सैन्य ठिकठिकाणी अडकून पडलेलं होतं, ते एकमेकांच्या मदतीला जाऊ शकत नव्हतं. त्याला बरीच कारणं आहेत. नद्या असुरक्षित झाल्या होत्या हे त्यातलं एक मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

---

हुगळीकाठ

नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात आहे. पलाशीला जाऊन आलो आहे. १७५७ च्या लढाईचा स्तंभ आहे, बाकी शेतं. भागीरथीने पात्र बदलत बदलत जुन्या रणभूमीचा मोठा भाग गिळला आहे. १९७१ च्या छावणीबद्दल तिथल्या वयस्कर माणसांना विचारलं तर 'जय बांगलाची पोरं इथे नदीत पोहायची' एवढं सांगतात. काय चाललं होतं हे तेव्हा गावालाही कळू दिलेलं नव्हतं. पहाटेपासून नदीत पोरं, रात्रीही नदीत पोरं, आणि मधूनच लांबून स्फोटाचे आवाज.

टगचं लिहा ना. त्या इथल्याच, कोलकाता बंदराच्या.

---

गलबत

लिहितो.

माझे वडील मुंबई बंदरात टगवर इंजिनाच्या खोलीत होते, म्हणून या भागावर माझा जीव जरा जास्त आहे. टग म्हणजे बंदरातला हमाल. आखूड, बसका, मागची बाजू पाण्याला टेकलेली, आणि अंगापेक्षा इंजिन मोठं. मोठ्या जहाजाला खांदा लावून धक्क्याला आणणं हे त्याचं काम. वेग नाही, चिलखत नाही, लपायला जागा नाही.

कोलकाता बंदराच्या 'अजय' आणि 'अक्षय' या दोन टग नव्या बांगलादेशासाठी घेतल्या गेल्या. गार्डन रीचच्या गोदीत त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या, सुरुंग टाकायची सोय केली, आणि त्यांची नावं झाली 'पलाश' आणि 'पद्मा'. खलाशी बहुतेक पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली, अधिकारी भारतीय. बांगलादेशच्या नौदलाचा पहिला ताफा तो हाच. नोव्हेंबरमध्ये या दोन बोटींनी मोंगल्याच्या वाटेवर सुरुंग पेरले.

डिसेंबरमध्ये युद्ध उघड सुरू झाल्यावर सामंतांच्या हाताखाली एक छोटा ताफा निघाला : 'पद्मा', 'पलाश', सीमा सुरक्षा दलाची एक बोट, आणि आपल्या पनवेलच्या नावाची नौदलाची गस्ती नौका 'पनवेल', कप्तान लेफ्टनंट कमांडर जे. के. रॉय चौधरी. सुंदरबनच्या खाड्यांमधून वाट काढत हा ताफा मोंगल्याला पोहोचला. सुंदरबनात दोन्ही बाजूंना खारफुटी, वळणावळणाला दुसरा प्रवाह फुटतो, आणि नकाशावरचं पात्र पुढच्या पावसाळ्यात तिथेच असेल याची खात्री नाही. स्थानिक माणूस सोबत नसेल तर अशा पाण्यात मोठ्या नौदलाचाही टिकाव लागत नाही.

मोंगला घेऊन ताफा खुलन्याकडे सरकला. १० डिसेंबर, दुपारची वेळ, रूपशा नदी. वरून तीन नॅट विमानं आली. आपली होती. ओळख पटावी म्हणून बोटींच्या वरच्या भागावर पिवळा रंग दिलेला होता. सामंतांनी विमानं आपली असल्याचं ओळखून गोळीबार न करण्याचा हुकूम दिला होता. विमानांनी मात्र बोटी ओळखल्या नाहीत. 'पद्मा' पेटली, मग 'पलाश'.

'पलाश'च्या इंजिनरूममध्ये मोहम्मद रुहुल अमीन होते. नोआखालीचे, पाकिस्तानी नौदलातले जुने तंत्रज्ञ. बोट सोडायचा हुकूम झाला तरी ते इंजिन चालू ठेवायचा प्रयत्न करत राहिले. शेवटी जखमी अवस्थेत पाण्यात उडी घेऊन काठाला लागले तर काठावर रझाकार, पाकिस्तानी लष्कराचे स्थानिक साथीदार. तिथेच त्यांना मारलं. बांगलादेशने युद्धातला आपला सर्वोच्च सन्मान, वीरश्रेष्ठ, फक्त सात जणांना दिला आहे. रुहुल अमीन त्यांपैकी एक.

वर ज्यांचा उल्लेख केला ते चिमन सिंग 'पद्मा'वर होते. स्वतः जखमी असताना पाण्यातल्या सोबत्यांना त्यांनी काठाकडे नेलं, काठावरून गोळीबार चालू असताना. मग शत्रूच्या हाती सापडले आणि शरणागतीनंतर सुटले. त्यांना महावीर चक्र मिळालं. रॉय चौधरींना मिळालं. सामंतांना मिळालं. या छोट्याशा ताफ्यात तीन महावीर चक्रं आली आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याबद्दल एक ओळ नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

---

रेघोट्या

वाचताना अंगावर काटा आला. रुहुल अमीन यांच्याबद्दल थोडं माहीत होतं, पण ती विमानं आपली होती हे नव्हतं माहीत. इतक्या महिन्यांची मेहनत आणि विजय सहा दिवसांवर आलेला असताना.

---

तांबडी माती

या निमित्ताने मेकाँगबद्दल लिहितो. नदीवरच्या युद्धाचा त्याच काळातला सगळ्यात मोठा प्रयोग तिथे चालू होता आणि तुलना करण्यासारखी आहे.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी नौदलाने डिसेंबर १९६५ मध्ये नदीगस्तीचं स्वतंत्र दल उभं केलं. त्यांची ठरलेली बोट ३१ फुटी, फायबरग्लासची, पंखा नाही, पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी, म्हणजे गवतात आणि गाळात अडकणार नाही. बोटीवर चार खलाशी. चित्रांत-सिनेमांत याच बोटी दिसतात. पण त्या बोटी चालत्या ठेवायला केवढा पसारा होता! दुसऱ्या महायुद्धातली रणगाडे उतरवणारी जुनी जहाजं नदीत नांगरून त्यांचे तरंगते तळ केले, त्यांवरच दुरुस्ती, दारूगोळा, जेवण, झोपणं. १ एप्रिल १९६७ ला 'सीवुल्व्ह्ज' नावाचं नौदलाचं हेलिकॉप्टर पथक उभं राहिलं, तेही लष्कराच्या वापरलेल्या हेलिकॉप्टरवर. बोट अडकली की ते त्या जहाजांवरून उडून येणार. सायगावच्या नौदल साहाय्य तळाकडे नदीकाठच्या सगळ्या ठाण्यांचा पुरवठा होता. मिथोजवळ डोंगटामला तर नदीतली वाळू उपसून भातखाचरांवर भराव टाकला आणि त्यावर अख्खा तळ उभा केला. नौदलाची बांधकाम पथकं वेगळी.

आणि गुप्तवार्ता. प्रांताप्रांतात नौदलाचा एकेक गुप्तवार्ता संपर्क अधिकारी नेमला होता. त्याने स्थानिक पोलीस, मासेमार, गावप्रमुख यांच्यात बसून-उठून कोणत्या कालव्यातून कधी हत्यारं जातात ते शोधायचं. बऱ्याच बोटींचं नशीब त्या एका माणसाच्या ओळखींवर अवलंबून असे.

एवढं सगळं असून फरक कुठे पडला? मेकाँगमध्ये नदी ओळखणारा माणूस बहुतेक वेळा समोरच्या बाजूला होता. झाडीतून होणारे हल्ले थांबवायला अमेरिकेने काठावरची झाडीच रसायन फवारून मारली. त्या फवारणीचा निर्णय घेणारे ॲडमिरल झुमवाल्ट यांचा स्वतःचा मुलगा तिथे बोटीवर होता. पुढे तो कर्करोगाने गेला, आणि त्याचं कारण ते रसायनच असावं असं बापलेकांचं दोघांचंही मत होतं. पूर्व बंगालमध्ये याच्या बरोबर उलट. आपल्याकडे ना तशा बोटी होत्या ना हेलिकॉप्टर, पण पाण्यात उतरणारा प्रत्येक जण तिथलाच होता. चरलक्ष्यासारख्या गावांनी त्या पोरांना घरात ठेवून घेतलं, जेवायला घातलं. पकडले गेले असते तर गाव जाळलं गेलं असतं.

---

गलबत

तांबडी माती, फार नेमकं. गावांचा उल्लेख केलात ते बरं झालं. तुकड्यांना वाट दाखवणारे नावाडी, रात्री आसरा देणारी घरं, सुरुंग शेतमालाबरोबर पुढे पोहोचवणारी माणसं, यांची यादी कोणी कधी केली नाही आणि आता होणंही कठीण. भारतीय अधिकारी सीमेवर थांबले होते. तिथून पुढची सगळी व्यवस्था त्या लोकांनी सांभाळली.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुक्तिवाहिनीने देश ११ सेक्टरमध्ये वाटला होता. त्यातला १० क्रमांकाचा सेक्टर नौदल कमांडोंचा. त्याला स्वतःची ठरलेली हद्द नव्हती आणि कायमचा सेनापतीही नव्हता. ज्या सेक्टरच्या हद्दीत मोहीम असेल तिथल्या माणसांच्या मदतीने काम करायचं. युद्धानंतर पदकं, पेन्शन, नोंदी यांची वेळ आली तेव्हा या रचनेचा तोटा पोरांना झाला, कारण त्यांच्यासाठी भांडणारा सेक्टर कमांडरच नव्हता.

---

शुक्रतारा

सामंतांचं पुढे काय झालं? आणि 'मांग्रो'च्या बाकीच्यांचं?

---

गलबत

सामंतांनी युद्धानंतर बांगलादेशच्या नव्या नौदलाची घडी बसवायला मदत केली. नंतरचं आयुष्य मुंबईत गेलं. बरीच वर्षं ते या मोहिमेबद्दल बाहेर काही बोलले नाहीत, कारण ती अधिकृतरीत्या झालेलीच नव्हती! उतारवयात मात्र त्यांनी तपशील सांगितले आणि त्यामुळेच आज आपण हे बोलू शकतो. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांची जुनी 'करंज' १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात होती, तेव्हा तिचे कप्तान होते पुढे नौदलप्रमुख झालेले विजयसिंह शेखावत. त्याच नावाची नवी पाणबुडी माझगाव गोदीत बांधली गेली आणि १० मार्च २०२१ ला मुंबईतच नौदलात आली. त्या समारंभाला शेखावत प्रमुख पाहुणे होते.

आठांपैकी रकीब मियाँ युद्धात गेले, ते वर लिहिलंच. तुलोंहून निघताना पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक होते गाझी मोहम्मद रहमतुल्ला. चितगावचे अब्दुल वाहिद चौधरी पुढे बांगलादेश नौदलात अधिकारी झाले आणि त्यांना वीर उत्तम हा सन्मान मिळाला.

---

जयगडची खाडी

रुहुल अमीन यांची कबर खुलन्याला रूपशाच्या काठीच आहे असं वाचलंय. कोणी गेलंय का तिकडे?

---

हुगळीकाठ

हो, रूपशाच्या पूर्व काठावर. नदीकाठच्या लोकांनीच दफन केलं होतं. पेट्रापोलहून सीमा ओलांडली की जेसोर, तिथून खुलना. कोलकात्याहून फार लांब नाही. मोंगलाही तिथून जवळ, आणि ताफा ज्या वाटेने आला त्या खाड्या सुंदरबनच्या बोटीतून दिसतात. मी पुढच्या हिवाळ्यात जायचं म्हणतोय. कोणी येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, व्हिसा आणि बोटीच्या परवानगीचं आधी बघावं लागेल.

---

गलबत

मी येतो. व्यनि केला आहे.